रिकाम्या जागेची नोंदणी

कोल्हापुरातल्या कारखानदारानं नव्या वस्तूच्या डिझाइनची नोंदणी करायची ठरवली, तर अर्ज कुठेही दिला तरी तपासणी कोलकात्यात होते. पेटंटसाठी महाराष्ट्राला मुंबईचं कार्यालय आहे, भौगोलिक मानांकनाची नोंदणी चेन्नईत होते. डिझाइनचा अर्ज मात्र मुंबईच्या खिडकीवर दिला काय किंवा घरबसल्या ऑनलाइन भरला काय, शेवटी सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमधल्या इमारतीत, डिझाइन विभागातच पोहोचतो. शिरोलीत ओतलेल्या पंपाचं आवरण, हुपरीचं पैंजण, इचलकरंजीच्या कापडावरची नक्षी आणि एखाद्या बड्या कंपनीच्या फोनच्या पडद्यावरची मांडणी, सगळ्यांचा निवाडा तिथेच.

कोलकातंच का, तर हा कारभार सुरू झाला तेव्हा राजधानी तिथे होती म्हणून. 3 मार्च 1856 रोजी जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या कलकत्त्याच्या इंजिनिअरनं पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी हक्क मागितला, तो भारतातला पहिला अर्ज. त्या यंत्राचा रोख साहेबाला वारा घालणाऱ्या पंखेवाल्याच्या नोकरीवर होता, एवढं नोंदवून पुढे जाऊ. डिझाइनसाठी वेगळा कायदा 1872 मध्ये आला. मग 1911 चा पेटंट आणि डिझाइनचा एकत्र कायदा. 1970 च्या कायद्यानं पेटंट त्यातून बाहेर काढलं आणि डिझाइन त्या जुन्या घरात एकटंच राहिलं. आजचा डिझाइन कायदा 2000 चा, लागू झाला 11 मे 2001 पासून.

या कायद्यातली डिझाइनची व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. आकार, ठेवण, नक्षी, अलंकरण, रेषा-रंगांची रचना, एवढंच डिझाइन. ते एखाद्या वस्तूवर औद्योगिक प्रक्रियेनं उतरलेलं हवं आणि तयार वस्तूत त्याचा निवाडा केवळ डोळ्यांनी व्हायला हवा. पंप किती पाणी उपसतो, चप्पल किती वर्षं टिकते, याच्याशी या विभागाला कर्तव्य नाही. पेटंटचा तपासनीस ‘हे चालतं कसं’ असं विचारतो, डिझाइनचा तपासनीस ‘हे दिसतं कसं’ असं विचारतो. दुसरा प्रश्न सोपा वाटतो. माझ्या मते तो जास्त अवघड आहे, कारण चालण्याला मोजमाप असतं.

व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला अर्जाची फी हजार रुपये. बदल्यात दहा वर्षांचा हक्क, आणखी पाच वर्षं वाढवून मिळणारा. अर्ज आला की तपासनीस आधी त्याचा वर्ग पाहतो. 1968 च्या लोकार्नो कराराप्रमाणे जगातल्या वस्तू 32 वर्गांत बसवल्या आहेत. भारत 2019 मध्ये त्यात सामील झाला आणि 2021 च्या नियमांनी त्या वर्गीकरणाची चालू आवृत्ती इथे लागू झाली. पादत्राणं 02-04, दागिने 11-01, कापड 05-05, पंप 15-02. मग शोध सुरू होतो: हे आधी भारतात किंवा जगात कुठे प्रसिद्ध झालं आहे का? जे आहे त्यापेक्षा ते ठळकपणे वेगळं आहे का? हरकती निघाल्या तर अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत त्या दूर कराव्या लागतात. विनंती केली तर आणखी तीन महिने मिळतात. नोंदणी झाली की दर शुक्रवारी निघणाऱ्या पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये ती प्रसिद्ध होते.

या चाळणीतून कोल्हापुरी चप्पल जाईल का? जाणार नाही, आणि त्याचं कारण कोल्हापूरला अभिमान वाटावा असंच आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, दोन बाजूंचे कान, अंगठा, मधली वेणी, वरचा गोंडा, हे सगळं इतकं जुनं आणि इतकं माहितीतलं आहे की ‘नवं’ या पहिल्याच कसोटीवर अर्ज परत येईल. म्हणून चपलेनं चेन्नईचा रस्ता धरला. महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर हे महामंडळ यांना मिळून 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे पलीकडचे चार.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत तशीच चप्पल दिसली, तीही कोल्हापूरचं नाव न घेता. इकडे कोल्हापूरच्या सुभाषनगरापासून मंत्रालयापर्यंत गदारोळ झाला. भौगोलिक मानांकन हे मुख्यतः नावाची आणि मुलखाची राखण करतं. नाव गाळून नुसतं रूप उचललं तर ते पकडायला तो कायदा तोकडा पडतो. रूप पकडणारा कायदा डिझाइनचा, आणि त्याच्या दाराशी चप्पल म्हातारी ठरलेली. जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली. नोंदणीकृत मालक असलेल्या महामंडळांनीच दाद मागायला हवी, असं सांगून ती जुलैत फेटाळली गेली. प्रेरणा कुठून आली ते प्राडानं त्याआधीच मान्य केलं होतं, आणि पुढे डिसेंबरमध्ये तिनं दोन्ही महामंडळांशी करार करून महाराष्ट्र-कर्नाटकात 2,000 जोड बनवून घेण्याचं जाहीर केलं. त्या वादात कोल्हापूरकरांना बौद्धिक संपदेचे दोन कप्पे कळले. तिसरा प्रश्न अजून त्यांच्या कानावर फारसा आलेला नाही. तो पडद्याचा.

समजा, कोल्हापूरच्या गुजरीतल्या एखाद्या सराफाच्या दुकानासाठी कोणी काचेचा असा शोकेस बनवला की पुढच्या काचेवरच वजन, दर आणि घडणावळ उजळून दिसते आणि मधला भाग पारदर्शक राहतो, त्यातून आतला साज दिसतो. ही काही कल्पनेतली गोष्ट राहिलेली नाही. एलजीनं जानेवारी 2024 मध्ये लास व्हेगासला 77 इंची पारदर्शक टीव्ही मांडला. मोटारींच्या पुढच्या काचेवर वेग दाखवणारी सोय आता नवलाची नाही. पडद्याचा काही भाग बोलतो आणि काही भाग नुसता वाट देतो, अशा वस्तू वाढत जाणार आहेत. आता या शोकेसच्या पडद्याची नोंदणी करायची आहे. चित्रात मधली जागा कशी काढायची?

कागदावर रेघांच्या चौकटीत कोरी जागा सोडली तर तिचे तीन अर्थ होतात. ते आरपार भोक असेल, काच असेल किंवा सपाट, गुळगुळीत, अपारदर्शक पृष्ठभाग असेल. तिघांची रेघ एकच. डोळ्यांनी निवाडा करायचा आणि डोळ्यांपुढे तर नुसतं चित्र. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाची प्रथा अशी, की पारदर्शक किंवा आरशासारखा चकचकीत भाग दाखवायला तिरक्या रेषा मारायच्या. आणि तुटक रेषेत काढलेलं जे असेल ते दाव्यात नाही, नुसतं भोवताल समजण्यासाठी. तिथे डिझाइन पेटंटला दावा एकच असतो: चित्रात दाखवल्याप्रमाणे. म्हणजे कायदेशीर मजकूर जवळपास सगळा रेघेतच. तिरकी रेष विसरली आणि अर्ज गेला, की मागाहून ‘ती काच होती बरं का’ म्हणता येत नाही. आधी न दाखवलेली गोष्ट नंतर घुसवायला मनाई आहे. कोऱ्या जागेचा अर्थ लागत नाही, अशी हरकत येते आणि अर्जदाराच्या हातात फार थोडं उरतं.

दुसरी गोम त्याहून खोल. पारदर्शक भागातून जे दिसतं ते डिझाइनमध्ये धरायचं का? आज तिथे साज आहे, उद्या बुगडी असेल, परवा गल्ल्यावरच्या माणसाचा सदरा. मागचं दृश्य धरलं तर हक्क इतका अरुंद होतो की कोणीही सहज वळसा घालून जाईल. न धरलं तर अर्जदार प्रत्यक्षात एका रिकाम्या चौकटीवर हक्क सांगतो, आणि ती चौकट पुरेशी मोठी असेल तर उद्याचे कितीतरी पडदे तिच्यात येतात. तुटक रेषांचा खेळही तोच: जेवढं कमी भरीव रेषेत, तेवढा दावा रुंद. चांगला आरेखक इथे वकिलाच्या बरोबरीचं काम करतो, पण त्याचं नाव कुठे येत नाही.

ॲपल आणि सॅमसंगच्या भांडणात जगानं हे पाहिलं. त्यातल्या एका डिझाइन पेटंटमध्ये होतं काय, तर पडद्यावर ओळीनं मांडलेली चिन्हं. नुकसानभरपाई मोजताना ‘वस्तू’ म्हणजे अख्खा फोन की त्याचा काही भाग, असा प्रश्न उभा राहिला आणि तो 2016 मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वस्तू कुठे संपते, हाच तो प्रश्न.

भारतात तो आणखी आधीच्या पायरीवर अडतो. आपल्या कायद्यात वस्तूचा भाग वेगळा धरायचा, तर तो सुटा बनवता आणि विकता यायला हवा. पडद्यावरची मांडणी सुटी विकता येते का? मायक्रोसॉफ्टला काही वर्षांपूर्वी पडद्यांच्या नोंदण्या मिळाल्या होत्या. पण ॲमेझॉनचा अर्ज 2014 मध्ये नाकारला गेला: पडदा बंद केला की जे नाहीसं होतं ते वस्तूचं कायमचं रूप नव्हे, असा तर्क. लोकार्नोत 14-04 हा वर्ग पडद्यांवरील दृश्यं आणि चिन्हांसाठीच आहे. नियमांनी तो वर्ग स्वीकारला आणि मूळ कायद्यातल्या ‘वस्तू’च्या व्याख्येला मात्र हात लावला नाही. कप्पा आहे, पण त्यात ठेवायला काही चालत नाही, असा सरकारी प्रकार.

यूएसटी ग्लोबल या कंपनीच्या टच स्क्रीनचा अर्ज याच कारणावरून नाकारला गेला, तेव्हा कंपनी कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. मार्च 2023 मध्ये न्यायालयानं तो नकार रद्द केला. पडद्यावरचे ठिपके उजळवून चित्र उमटवणं हीसुद्धा कायद्याला अभिप्रेत असलेली प्रक्रियाच आहे आणि पडद्यावरची मांडणी मुळातच नोंदणीबाहेर आहे असं धरून चालता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख. प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं गेलं.

कोलकात्याच्या विभागाला अडाणी ठरवणं सोपं आहे, पण त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. पडद्यावरची प्रत्येक मांडणी कुणाच्या तरी मालकीची होऊ लागली, तर पैसा आणि वकील ज्यांच्याकडे आहेत ते आधी रांगेत असतील आणि गुजरीसाठी शोकेस बनवणारा कारागीर सर्वात शेवटी. उत्तर मात्र चुकतंय. ‘वीज गेली की दिसत नाही’ हा निकष लावला तर काचेची पुढची सगळी पिढी कायद्याच्या बाहेर राहील. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवून 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला, तिथे पडद्यावर उमटतं ते रूपच नव्हे, हे कोणाला पटवणार?

कायदा स्पष्ट होईपर्यंत आपल्या त्या शोकेसवाल्यानं काय करावं? भारतात अर्ज ‘शोकेस’ या वस्तूचा करावा, उजळणाऱ्या आकड्यांचा नव्हे. काचेची कड, चौकटीची ठेवण, पारदर्शक आणि दुधी भागांची वाटणी ही वस्तूचीच अंगं आहेत. ती वीज नसतानाही दिसतात. नावीन्य नेमकं कुठे आहे ते अर्जातल्या विधानात स्पष्ट लिहावं आणि चित्रांसोबत फोटो द्यावेत, म्हणजे काच ही काचच दिसेल. परदेशात अर्ज करायचा असेल तर इथल्या तारखेचा अग्रक्रम सहा महिने टिकतो. नुसत्या कॉपीराइटवर विसंबू नये: नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलं नाही आणि वस्तू पन्नासपेक्षा जास्त वेळा कारखान्यातून निघाली, की कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तो हक्क संपतो. एकावन्नावा शोकेस तयार झाला त्या दिवशी त्याच्या रेखाटनावरचं संरक्षण गेलं.

आणि अर्ज दाखल होईपर्यंत तो शोकेस कुठल्याही दुकानात लावू नये, त्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवू नये. सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडायचा असेल तर कलम 21 ची सूट आहे. पण त्यासाठी कार्यालयाला आधी कळवावं लागतं आणि मांडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो.