चारापिकांची शीतसहनशीलता : तग धरणे आणि वाढत राहणे

विसाव्या पशुगणनेनुसार (२०१९) भारतातील पशुधन ५३.५८ कोटी इतके आहे. या पशुधनाचे पोषण ज्या चारापिकांवर अवलंबून आहे, त्यांच्या वाट्याला मात्र देशातील लागवडीखालील क्षेत्रापैकी जेमतेम चार ते पाच टक्के जमीन येते. हे क्षेत्र फारसे वाढण्याची शक्यता नसल्याने आहे त्याच जमिनीतून वर्षभर हिरवा चारा मिळवणे हाच उपाय उरतो. या प्रयत्नात येणाऱ्या अडथळ्यांपैकी थंडी हा एक महत्त्वाचा अडथळा होय.

थंडीचे दोन प्रश्न

थंडी सर्वत्र सारखी नसते. म्हैसूर शहरातील हेब्बाळ हा औद्योगिक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे. म्हैसूरचे जानेवारीतील सरासरी किमान तापमान १६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते; तेथे सहसा दहिवर, म्हणजे गोठलेले दव, पडत नाही. याउलट लडाखमध्ये हिवाळ्यात तापमान शून्याच्या खूप खाली जाते. तेथे उन्हाळ्यात वाढलेला लसूणघास कापून व वाळवून हिवाळ्यासाठी साठवला जातो.

लडाखमध्ये पिकाची मुळे व खोडाचा तळ जिवंत राहून वसंतात पुन्हा फुटतील काय, हा प्रश्न असतो. म्हैसूर किंवा पश्चिम महाराष्ट्रात पीक मरण्याची भीती नसते. सौम्य थंडीतही ते वाढत राहील काय, हा प्रश्न असतो. पहिल्या गुणाला ‘तग धरण्याची क्षमता’ आणि दुसऱ्याला ‘हिवाळी वाढ’ म्हणता येईल. चारापिकांच्या पैदाशीतील मुख्य पेच असा की, हे दोन गुण बहुधा परस्परविरोधी असतात.

ग्रिम यांचा लसूणघास

जर्मनीतून स्थलांतरित झालेले वेंडेलिन ग्रिम हे शेतकरी १८५७ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे स्थायिक झाले. त्यांनी सोबत आणलेल्या लसूणघासाची अनेक झाडे तेथील कडक हिवाळ्यात मरून जात. जी वाचत, त्यांचेच बी ग्रिम पुन्हा पेरत. अनेक वर्षांच्या या निवडीतून थंडीस काटक असा वाण तयार झाला. जांभळ्या फुलांच्या नेहमीच्या लसूणघासात पिवळ्या फुलांच्या, शीत प्रदेशातील जातीचा नैसर्गिक संकर झालेला होता. काटकपणाची आनुवंशिक सामग्री तेथून आली होती आणि हिवाळ्याने तिची निवड केली.

अशा काटक वाणांना दिवस लहान होताच सुप्तावस्था येते. वाढ थांबते व अन्नसाठा मुळांकडे वळतो. लसूणघासाच्या वाणांची शरद-सुप्ततेनुसार १ ते ११ अशी प्रतवारी केली जाते. १ म्हणजे अतिसुप्त आणि ११ म्हणजे जवळजवळ सुप्त न होणारा. अतिसुप्त वाण म्हैसूर परिसरात लावल्यास तो जगेल, पण हिवाळ्यातील कापण्या बुडतील. सुप्त न होणारा वाण लडाखमध्ये लावल्यास तो वाढत राहण्याच्या प्रयत्नात गोठून मरण्याचा धोका असतो.

पेशीत काय घडते?

पाणी गोठते तेव्हा बर्फाचे स्फटिक प्रथम पेशींच्या मधल्या पोकळीत तयार होतात आणि पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. म्हणजेच गोठणे हे वनस्पतीच्या दृष्टीने एक प्रकारचे कोरडे पडणेच असते. काटक वनस्पती शून्याच्या वरच्या कमी तापमानातच याची पूर्वतयारी करते. पेशीत शर्करा साठते, पेशीपटलातील असंतृप्त मेदाम्ले वाढतात आणि संरक्षक प्रथिने निर्माण होतात. या प्रक्रियेस शीत-अनुकूलन म्हणतात.

तिच्यामागील जनुकीय यंत्रणा प्रथम मोहरीकुळातील अराबिडोप्सिस या प्रायोगिक वनस्पतीत उलगडली. अमेरिकेतील मायकेल टोमॅशो यांच्या गटाने १९९७ मध्ये ‘सीबीएफ-१’ या जनुकाचा शोध जाहीर केला. ‘सीबीएफ’ जनुके इतर अनेक जनुकांना कार्यान्वित करणाऱ्या कळीसारखी असतात. ही कळ फिरवणाऱ्या ‘आयसीई-१’ या नियंत्रकाचा शोध २००३ मध्ये भारतीय शास्त्रज्ञ विश्वनाथन चिन्नुसामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. पुढे गहू व बार्ली यांच्या पाचव्या गटातील गुणसूत्रांवर, तसेच लसूणघासाचा जवळचा आप्त असलेल्या ‘मेडिकॅगो ट्रंकाट्युला’च्या सहाव्या गुणसूत्रावर शीतसहनशीलतेशी निगडित भागांतच ‘सीबीएफ’ जनुकांचे समूह आढळले.

तरीही हा गुण एका जनुकाचा नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा त्यात असतो. त्यातच लसूणघास परपरागित आणि चतुर्गुणित (३२ गुणसूत्रे) असल्याने शुद्ध वाण मिळवणे कठीण जाते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करण्याची पद्धतच येथे उपयोगी पडते. लसूणघासावरील नंतरच्या संशोधनातून सुप्तता आणि काटकपणा यांचा संबंध घट्ट असला तरी अतूट नाही, असे दिसून आले. कमी सुप्त तरीही काटक वाण मिळण्याची आशा त्यामुळे निर्माण झाली.

भारतीय संदर्भ

संकरित नेपियर हे गवत बाजरी (१४ गुणसूत्रे) व नेपियर (२८ गुणसूत्रे) यांचा २१ गुणसूत्रांचा संकर आहे. तो वंध्य असल्याने त्याची लागवड ठोंबांनी किंवा कांड्यांनी करतात. दोन्ही पालक उष्ण प्रदेशातील असल्याने थंडी वाढताच त्याची वाढ मंदावते. ही उणीव भरून काढण्यासाठी ओट, बरसीम व लसूणघास ही रब्बी पिके घेतली जातात. मात्र बरसीमला लागणारा दीर्घ थंड हंगाम दक्षिणेत मिळत नाही. तेथे लसूणघास अधिक उपयुक्त ठरतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने लसूणघासाचा ‘आरएल-८८’ हा बहुवार्षिक वाण आणि संकरित नेपियरचा ‘फुले जयवंत’ हा वाण दिला आहे. म्हैसूरजवळ मंड्या येथेही अखिल भारतीय समन्वित चारापिके संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. झाशी येथे १९६२ मध्ये स्थापन झालेली भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था देशपातळीवर हे काम करते.

एकच वाण साऱ्या देशाला पुरणार नाही, हा या विषयाचा इत्यर्थ होय. हिमालयात तग धरणारी जनुके हवीत, तर दख्खनमध्ये हिवाळ्यातही वाढ चालू ठेवणारी. बियाणे निवडताना हा भेद ध्यानात न घेतल्यास उत्तम वाणही शेतकऱ्याच्या पदरी निराशाच टाकतो. जानेवारीत गोठ्यापर्यंत हिरवी पेंढी पोहोचते की नाही, यावरच या संशोधनाचे मोल ठरणार आहे.