शरण जाणे म्हणजे हार मानणे नव्हे



मागच्या भागानंतर इंदूरच्या एका मुलीने मला विचारले, "सर, बाबासाहेबांनी आपल्याला ताठ मानेनं जगायला शिकवलं. मग वंदनेत आपण रोज 'शरण जातो' असं का म्हणतो?" खरे सांगतो, मला लगेच उत्तर देता आले नाही. लहानपणापासून मी त्रिसरण म्हणत आलो, पण हा प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

घोळ शब्दाचा आहे. मराठीत हरलेला शत्रू शरण येतो, शस्त्र खाली ठेवतो. पालीतील 'सरण' म्हणजे आसरा, निवारा. मुसळधार पावसात आपण घराकडे धावतो, तेव्हा घरापुढे हार मानत नसतो.

पुढचा शब्द 'गच्छामि', म्हणजे 'मी जातो'. विहारात शंभर माणसे एका सुरात म्हणत असली, तरी प्रत्येकजण 'मी'च म्हणतो, 'आम्ही' नव्हे. माझ्या वतीने दुसरा कोणी जाऊ शकत नाही.

जायचे कोणाकडे? बुद्ध हा वर देणारा देव नव्हे. तो वाट शोधून, ती स्वतः चालून दाखवणारा माणूस. धम्म ही ती वाट आणि संघ म्हणजे वाटेवरची सोबत. जुन्या परंपरेत एक उपमा आहे: बुद्ध वैद्य, धम्म औषध, संघ शुश्रूषा करणारा. पण औषध घ्यायचे रोग्यानेच.

हे तीन आसरे एकाच वेळी तयार झाले नाहीत. बुद्धत्वानंतर थोड्याच दिवसांत तपुस्स आणि भल्लिक हे दोन व्यापारी बुद्धांना भेटले. त्यांनी दोनच सरणे घेतली, कारण संघ अजून जन्मायचा होता. तिन्ही सरणे घेणारा पहिला उपासक म्हणजे वाराणसीच्या यसाचा पिता. पुढे सांचीच्या तोरणांवर हेच त्रिरत्न दगडात चिन्ह होऊन उमटले.

मग तीनदा का म्हणायचे? मला वाटते, पहिल्यांदा ओठ म्हणतात, दुसऱ्यांदा मन ऐकते, तिसऱ्यांदा निश्चय होतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणींकडून त्रिसरण आणि पंचशील घेतले. मग त्यांनी स्वतः लाखो अनुयायांना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या इतरांनी झुकवले होते, ती माणसे त्या दिवशी स्वतःच्या निवडीने 'मी जातो' म्हणाली. ते झुकणे नव्हते, उठून चालू लागणे होते.

अखेरच्या दिवसांत वैशालीजवळच्या बेलुव गावी बुद्धांनी आनंदला सांगितले, की स्वतःच स्वतःचा आसरा व्हा, धम्माचा आसरा घ्या. म्हणून त्या मुलीला माझे उत्तर एवढेच: मान ताठ ठेवूनच जायचे असते.

उद्या वंदना म्हणताना 'गच्छामि'पाशी क्षणभर थांबा आणि विचारा, आज मी एक पाऊल तरी चाललो का? पुढच्या भागात त्या पावलांविषयी, म्हणजे पंचशीलाविषयी बोलू.