रद्दीत गेलं म्हणजे संपलं?

मार्चअखेरची धावपळ ओसरली की छोट्या ऑफिसांत आवराआवर निघते. जुनी पगारपत्रकं, कोटेशन्स, ग्राहकांच्या पॅन-आधारच्या झेरॉक्स, सगळं पोत्यात भरून रद्दीवाल्याला दिलं की माळा मोकळा. 'मधून फाडून टाकलंय' एवढ्यावर समाधान. पण रद्दी थेट कागद गिरणीत जाते असं थोडंच आहे? एका बाजूने कोरा असलेला कागद वाटेतच वेगळा निघतो आणि त्याच्या पुड्या होतात. भेळ संपल्यावर हातातल्या कागदावर कुणाचं तरी कर्जप्रकरण वाचलेलं आपल्यापैकी अनेकांना आठवेल.

'आमच्याकडे श्रेडर आहे' हा त्यापुढचा गैरसमज. साधा श्रेडर कागदाच्या नुसत्या लांब पट्ट्या करतो. कागद आडवा घातला, तर अख्खी ओळ एकाच पट्टीवर शाबूत राहते. १९७९मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात घाईघाईने अशाच पट्ट्या केलेले कागद इराणी लोकांनी गालिचे विणणाऱ्यांना बसवून जुळवले आणि त्यांची पुस्तकं छापली. त्या कामाला चिकाटी लागली. आता संगणकही मदतीला आहे. म्हणून यंत्र घेताना ब्रँडच्या आधी पातळी विचारावी. आंतरराष्ट्रीय मानकात कागदासाठी पी-१ ते पी-७ अशा पातळ्या आहेत. पी-२ म्हणजे सहा मिलिमीटरपर्यंत रुंद पट्ट्या. पी-४मध्ये तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नसतो, म्हणजे एका ए-फोरचे जवळपास चारशे तुकडे. पगार, केवायसी, करार यांना पी-४ पुरतं. पी-७ गुप्तहेरांना लखलाभ. धंद्यात त्याचा हट्ट म्हणजे उगाच खर्च.

जाळून टाकणं? गठ्ठा पेटवला तर कडा जळतात, आतली पानं वाचता येतील अशी राहतात. शिवाय उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे.

कॉम्प्युटरच्या बाबतीत तर भाबडेपणाची कमाल असते. 'डिलीट केलं' म्हणजे बहुतेक वेळा फक्त फाइलचा पत्ता पुसला जातो, मजकूर डिस्कवरच राहतो. जुन्या हार्ड डिस्कवर चुंबकीय यंत्राचा उपाय चालतो, एसएसडीवर नाही, कारण तिथे माहिती चुंबकीय स्वरूपात नसतेच. आणि भाड्याचं झेरॉक्स मशीन परत करताना त्याच्या पोटात हार्ड डिस्क आहे का, हे कुणी विचारतं?

'जितकं लवकर नष्ट, तितकं सुरक्षित' हा समज मात्र सर्वांत महागात पडणारा. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, आणि अपील चालू असेल तर त्याहून जास्तही. पुरावा म्हणून हजर करावा लागू नये, या हेतूने कागद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. तेव्हा आधी सीएला विचारा, मग यंत्र सुरू करा.

काम बाहेरच्या एजन्सीला दिलं तर शेवटी प्रमाणपत्र मिळतं. त्यावर कोणत्या फायली, किती किलो, कुठे आणि कोणत्या पातळीला नष्ट केल्या हे लिहिलेलं नसेल, तर ते नुसतं बिल समजावं. यंत्रावर जास्त खर्च करण्यापेक्षा कुलूपबंद पेटी घेतलेली बरी, असं माझं मत. कारण कागद फुटतात ते कापण्याआधीच्या दिवसांत, जेव्हा पोतं जिन्याखाली उघडं पडलेलं असतं.