मोजणे आणि ऐकणे

नर्सिंगच्या किंवा वैद्यकीच्या पदवीवर्गात संशोधन हा विषय निघाला की, विद्यार्थ्यांचे दोन तट पडतात. एक आकड्यांत रमणारा, दुसरा माणसांशी बोलण्यात. या दोघांना एकाच कामाला जुंपणे म्हणजे संमिश्र पद्धतीचे संशोधन शिकविणे. नाव भारदस्त आहे खरे, पण गोष्ट घरातलीच.

रक्तवाढीच्या गोळ्याच घ्या ना. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे गरोदरपणी निदान १०० दिवस या गोळ्या घेतलेल्या माता देशात ४४ टक्के. ठरवून दिलेले १८० दिवस घेतलेल्या अवघ्या २६ टक्के. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला रक्तस्राव जिवावर बेततो, म्हणून हा आकडा मोठा. पण गोळी का सुटली, हे तो सांगत नाही. मळमळ, शौचाला काळे होणे, पोर थोराड होऊन बाळंतपण अडेल ही भीती, हे सारे चुलीपाशी बसून ऐकावे लागते; आणि तेही सासूबाई जरा बाजूला गेल्यावर!

इथवर मुलांना पटते. पंचाईत पुढेच आहे. प्रबंधात एका प्रकरणात तक्ते, दुसऱ्यात मुलाखती, आणि दोघांची गाठभेट नाही. ताटात वरण आणि भात शेजारी वाढले म्हणून काही खिचडी होत नाही. तक्त्यात गोळ्या लवकर सोडलेल्या कोण, नेमाने घेतलेल्या कोण, ते पाहावे आणि बोलायला त्यांच्याच दारी जावे. किंवा उलट करावे: आधी ऐकावे आणि बायकांच्याच शब्दांत प्रश्नावली बांधावी. ‘काही त्रास होतो का?’ याला ‘नाही’ म्हणणारी ‘संडासला काळे होते का?’ म्हटल्यावर बोलू लागते.

मग एकाच कागदावर डावीकडे आकडा, उजवीकडे बोल. समजा, नोंदवहीत १८० गोळ्या ‘दिल्या’, आणि बाई म्हणते, पाकिटे डब्यात पडून आहेत. “सर, खरे कोणते धरायचे?” अहो, दोन्ही! वही वाटप मोजते, बाई गिळणे सांगते. गुण जातील म्हणून विद्यार्थी ही तफावत झाकू पाहतात. मी तर तिलाच जास्त गुण द्यावेत म्हणतो. उद्या उपकेंद्रात हीच वही त्यांना भरायची आहे.

वेळ कुठे आहे, असे आपण म्हणाल. एका सत्राला २० घरे आणि ४ मुलाखती पुरेत. मात्र त्या ४ जणी त्या २० घरांतल्याच हव्यात.