चूक भूल द्यावी घ्यावी, पण नोंदीसह

जुन्या पेढ्यांच्या हिशेबपत्रकांच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ ही अक्षरे आवर्जून लिहिली जात. हिशेब लिहिणाऱ्या माणसाकडून चूक होऊ शकते, याची ती नम्र कबुली होती आणि आढळलेली चूक दुरुस्त करण्याचे वचनही. आज संगणकाच्या एका कळीसरशी शेकडो कामगारांचे वेतन जमा होते. त्या कबुलीची आणि वचनाची गरज मात्र उणावलेली नाही.

उदाहरणादाखल वडोदऱ्यातील एखाद्या लहान कारखान्याची कल्पना करावी. त्याची बँकेत दोन चालू खाती आहेत : दैनंदिन व्यवहारांचे मुख्य खाते आणि पगारासाठी वेगळे ठेवलेले वेतननिधी खाते. महिनाअखेरीस घाईत चुकीचे खाते निवडले गेले आणि ६,८४,००० रुपयांचे वेतन मुख्य खात्यातून गेले. लेखापालाने मात्र नेहमीच्या सवयीने ते वेतननिधी खात्यातून दिल्याची नोंद केली. कामगारांना पगार वेळेवर मिळाला. तेरीजही जुळली, कारण एका बँक खात्याऐवजी दुसऱ्याचे नाव पडल्याने एकूण बेरजेत फरक पडत नाही. चूक लपली ती इथेच. वह्यांत मुख्य खात्यात भरपूर शिल्लक दिसत असल्याने मालकाने पोलाद पुरवठादाराला पाच लाखांचा धनादेश दिला आणि अपुऱ्या शिलकीअभावी तो परत आला. व्यापारात वर्षानुवर्षे जपलेली पत अशी एका नोंदीपायी पणाला लागते.

अशा वेळी प्रथम एकच प्रश्न विचारावा : चूक वहीतील आहे की पैशांची? वहीतील चूक वहीतच सुधारायची असते. दुरुस्ती नोंदीत वेतननिधी खाते ६,८४,००० रुपयांनी नावे आणि मुख्य खाते तेवढ्याच रकमेने जमा करावे. वेतनखर्चाच्या नोंदीला हात लावण्याचे कारण नाही. त्यानंतर वेतननिधी खात्यात पडून असलेली रक्कम मुख्य खात्यात प्रत्यक्ष वळवावी आणि त्या हस्तांतरणाची स्वतंत्र नोंद करावी. दुरुस्ती न करता केवळ हस्तांतरण नोंदविले, तर वहीत वेतननिधी खात्यातून तीच रक्कम दोनदा गेलेली दिसेल. उलट, रक्कम वळवून काहीच न नोंदविल्यास अखेरची शिल्लक जुळेल. पण बँकेच्या उताऱ्यातील व्यवहार वहीत सापडणार नाहीत. वरवर जुळणारा असा हिशेब अधिक फसवा असतो.

दोन खाती एकाच मालकाच्या दोन स्वतंत्र कंपन्यांची असतील, तर केवळ खात्याचे नाव बदलून भागत नाही. जिने पैसे दिले तिच्या वहीत दुसरीकडून येणे आणि दुसरीच्या वहीत पहिलीचे देणे दाखवावे लागते. वेतनखर्च, प्राप्तिकराची कपात आणि भविष्यनिर्वाह निधी हे सारे ज्या कंपनीचे कामगार, तिच्याच वहीत राहते.

रक्कम भलत्याच व्यक्तीकडे गेली असेल, तर ती पैशांची चूक होय. इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणात रक्कम खाते क्रमांकाच्या आधारे जमा होते. म्हणून एनईएफटी व आरटीजीएससाठी २०२५ पासून उपलब्ध झालेल्या नाव-पडताळणी सुविधेचा लाभ अवश्य घ्यावा. तरीही चूक झालीच, तर शाखेस तत्काळ लेखी कळवावे.

चूक शोधण्याच्या जुन्या युक्त्या आजही उपयोगी आहेत. फरकाला नऊने निःशेष भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता तपासावी : १८,४५० ऐवजी १४,८५० लिहिल्यास फरक ३,६०० येतो. मूळ नोंद मात्र कधीही पुसू नये. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा-संगणकप्रणालीत प्रत्येक बदलाचा माग राखणे बंधनकारक आहे. चुकीची नोंद, दुरुस्ती आणि तिचे कारण ही तिन्ही शेजारी दिसली, की लेखापरीक्षकाची शंका फिटते आणि लेखापालावर नाहक संशयही येत नाही.

वेतन वाटल्यानंतर दोन-तीन दिवसांतच प्रत्येक बँक खात्याचा उतारा वहीशी ओळीनुरूप ताडून पाहिला, तर धनादेश लिहिण्याची वेळ येण्यापूर्वीच बहुतेक चुका उघड होतात. चूक द्यावी-घ्यावी खरी. पण ती आधी सापडली पाहिजे.