उन्हाळी कपड्यांची बाराखडी

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याच्या कपड्यांविषयी लिहिणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत बारशाच्या घुगऱ्यांची चौकशी करणे होय, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे! परंतु ज्याला चैत्रात सुती, सैल आणि स्वतःच्या मापाचे कपडे अंगावर हवे असतील, त्याला मार्गशीर्षातच कात्रीला धार लावून घ्यावी लागते. होळीनंतर शिंप्याकडे लग्नसराईच्या कापडांची रास पडलेली असते आणि घरोघरी परीक्षा व वाळवणे यांची गडबड असते. थंडीतल्या रात्री मात्र लांब असतात. म्हणून हा विषय आजच.

आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांचे कपाट उघडून पाहावे. कपड्यांची चळत अंगावर कोसळते, आणि तरीही सकाळी बाहेर पडताना ‘घालायला काही नाही’ ही तक्रार कायम असते. एक ना धड, भाराभर चिंध्या! याचे कारण असे की, आपण कपडे जुळवून आणलेले घेतो. कुडता, सलवार आणि ओढणी ही त्रयी दुकानातून येते ती सप्तपदी घालूनच. मग सलवारीचा रंग उडाला की चांगला धडधाकट कुडता विधुर होऊन खणाच्या तळाशी जातो, आणि ओढणी धूळ झटकण्याच्या कामाला लागते.

मी मराठी शिकवते. म्हणून मला यावर उपाय सुचला तो बाराखडीचा. आपल्या लिपीत एकेका व्यंजनासाठी बारा वेगळी चिन्हे घोकावी लागत नाहीत. व्यंजने वेगळी शिकावयाची, स्वरांच्या खुणा वेगळ्या शिकावयाच्या, आणि कोणतीही खूण कोणत्याही व्यंजनाला लावावयाची. कपड्यांचेही तसेच करावे. चार कुडते, तीन सलवारी आणि दोन ओढण्या असे नऊ नग शिवावे. हेच नऊ नग जुळवलेल्या त्रयीने घेतले असते, तर तीनच पोशाख झाले असते. कोणताही नग कोणत्याही नगाबरोबर शोभेल असे ठरवून शिवले, तर चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे २४ पोशाख होतात. पुढे पाचवा कुडता शिवलात की आणखी ६ वाढतात.

यात नवे असे काही नाही. पूर्वीच्या गृहिणी काळे, पांढरे आणि तांबडे अशी तीन पोलकी शिवून घेत आणि त्यांवर डझनभर पातळे नेसत. युक्ती जुनीच आहे. आपण तिचा विस्तार करावयाचा.

मात्र बाराखडी चालते ती नियमाने. पहिला नियम रंगाचा. सगळ्या कपड्यांत मिळून तीनच रंगकुळे ठेवावीत. उदाहरणार्थ, मळकट पांढरा, निळीचा निळा आणि गेरूचा तांबूस. सलवारी तिन्ही साध्या, एकरंगी. कुडत्यांपैकी दोन साधे आणि दोन छापील. छाप कोणताही असो, त्यातले रंग या तीन कुळांबाहेरचे नकोत. दुकानात एखादे पोपटी कापड फार लाघवीपणाने खुणावील. त्याला नमस्कार करून पुढे जावे.

दुसरा नियम कापडाचा. उन्हाळ्यात सुतासारखा सोबती नाही, हे केवळ परंपरेचे म्हणणे नव्हे. मोजमापासाठी ठरवलेल्या प्रमाण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून सुती कापड घाम टिपून घेते आणि पॉलिएस्टरचा कुडता पाठीला चिकटून बसतो. कुडत्याला मलमल किंवा केंब्रिक, सलवारीला जरा जाड पॉपलिन, ओढणीला मलमल घ्यावी. ४४ इंच पन्ह्याचे कापड असेल तर मध्यम बांध्याला प्रत्येक नगास अडीच मीटर धरावे. म्हणजे नवांना साडेबावीस मीटर. पन्हा ३६ इंचांचा असेल तर दुकानातच पुन्हा हिशेब करावा.

कापड घरी आले की लगेच कात्री लावू नये. सुती कापड धुतल्यावर आटते. ते रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, सावलीत वाळवावे आणि इस्त्री करावी. गडद रंगाचे कापड वेगळे भिजवावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात तीन रंगकुळांचे एक कुळ होते! मलमल हाताखालून निसटते, म्हणून तिला कापण्यापूर्वी पेजेची हलकी खळ द्यावी.

आता बेतणे. काय सुंदर शब्द आहे पाहा! बेत करणे म्हणजे योजना आखणे आणि कापड बेतणे म्हणजे ती योजना कात्रीने पार पाडणे. नवशिक्यांनी मापांच्या जंजाळात शिरू नये. अंगाला उत्तम बसणारा एखादा जुना कुडता घ्यावा, त्याच्या शिवणी उसवाव्या आणि वर्तमानपत्रावर त्याचा खाका काढावा. पाठ, पुढची बाजू, बाही आणि मुंढ्याचा बाक असे सगळे त्यात आयते मिळते. खाका कापडावर ठेवताना त्याची उंची काठाला समांतर असावी. उभा धागा तिरका गेला तर कुडता धुतल्यावर पिळा खातो. गळ्याला मात्र मुद्दाम तिरकी कापलेली उरेब पट्टी लावावी, कारण तिरके कापड ताणले जाते आणि गोलाईवर निमूट बसते. मलमलीला ११ नंबरची सुई, केंब्रिकला १४ नंबरची. मलमल पारदर्शक असल्याने कच्च्या कडा आत बंद होतील अशी दुहेरी शिवण घालावी. अकोला-नागपूरकडच्या कोरड्या उन्हात सैल, पुऱ्या बाह्या कातडी भाजू देत नाहीत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कोपरापर्यंतची उघडी बाही बरी. आणि उजव्या शिवणीत एक खिसा हवाच हवा. किल्ल्या, खडू आणि मोबाईल हातात धरून तास घेता येत नाही, ही साधी गोष्ट बायकांचे तयार कपडे बनवणाऱ्यांना अजून पुरती उमगलेली नाही.

इथे कोणी विचारील, ‘एवढा खटाटोप करून पैसे किती वाचतात?’ प्रामाणिक उत्तर असे, की फारसे नाहीत. आज तयार कुडता पुष्कळदा नुसत्या शिलाईच्या पैशांत मिळतो. परंतु ज्याने एकदा स्वतः बाही मुंढ्यात बसवली आहे, त्याला या स्वस्ताईचा उलगडा होईनासा होतो. हे काम कोणाच्या तरी हातांनी केले आहे. मग त्या हातांना मिळाले काय? २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ तयार कपड्यांच्या कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे दगावली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवले गेले. किमतीच्या चिठ्ठीवर हे लिहिलेले नसते.

म्हणून शिवणे हा केवळ गोड छंद आहे, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत एलियास होवे याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरचे यंत्र हा अपवाद मानला होता. आपल्याकडे कितीएक बायकांना या यंत्राने आधार दिला. त्यांतली एक माझी आई. ती पायमशीनवर आळीतल्या बायकांची पोलकी शिवी, आणि त्या पैशांतून माझी कॉलेजची फी भरली गेली. तिच्या स्वतःच्या पोलक्यांना पाठीवर बहुधा जोड असे, कारण ती उरलेल्या तुकड्यांतून बेतलेली असत. हवे ते कापड आणून, हवा तो रंग निवडून स्वतःसाठी शिवणे ही चैन तिला परवडली नाही. मला परवडते, याची जाणीव ठेवूनच मी यंत्रावर बसते.

एक गोष्ट मात्र मी तिच्याकडून जशीच्या तशी उचलली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पोलक्यात ती बाजूच्या शिवणींत इंचभर जास्तीचे कापड सोडून ठेवी. ‘बाईचं अंग एकसारखं राहत नाही. कपड्यानं समजून घ्यावं,’ असे ती म्हणे. या राखून ठेवलेल्या कापडाला आपल्या भाषेत ‘माया’ म्हणतात. कोशातले अर्थ मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे, पण या अर्थाची किंमत मला चाळिशीत कळली. तयार कपड्यांत माया नसते; कापड वाचवण्यासाठी शिवण काठावर घातलेली असते. मग वर्षाने कुडता दाटू लागला की आपण आरशापुढे उभ्या राहून स्वतःच्या देहालाच दोष देतो. बाळंतपण, आजारपण, वय यांनी बदललेले शरीर हा काही अपराध नव्हे. अशा वेळी शिवण उसवावी, माया सोडवावी आणि नवी टीप मारावी. अर्ध्या तासाचे काम.

तेव्हा वाचकभगिनींनो, आणि हौस असेल तर बंधूंनोही, फराळाची भांडी आवरली की पहिली एक साधी सलवार बेतायला घ्या. तिच्यात सरळ टिपा आणि नेफा यांपलीकडे अवघड काही नाही. आठवड्याला एक नग धरला तरी माघ संपण्यापूर्वी नऊही होतील. बाजूच्या शिवणींत माया इंचभर सोडा. कापड कमी पडत असेल तर उंचीत थोडे कमी करा, पण मायेत नको.