किडलेल्या दाताला डिंक का धरत नाही?

ओहोटीला भाट्याच्या खाडीतले खडक उघडे पडले, की कालवं काढायला माणसं येतात. त्यांच्या बाजूला उभं राहून पाहावं. कठीण काळ्या कातळावरचं कालव सहजी सुटत नाही. शिंप फुटते, पण तिची खालची कवची दगडालाच राहते. झिजून भुसभुशीत झालेल्या जांभ्यावरचं कालव मात्र कधीकधी दगडाचा टवका घेऊनच निघतं. चिकटवणारा पदार्थ दोन्हीकडे एकच. मग तुटलं काय? डिंक नव्हे, दगड.

दातांच्या डॉक्टरांपुढे नेमका हाच पेच असतो.

पूर्वी दातात 'चांदी' भरत. ती दाताला चिकटत नसे. ती अडकून राहावी म्हणून खड्डा आतून रुंद कोरावा लागे, म्हणजे किडीबरोबर चांगला दातही जाई. १९५५ साली अमेरिकेतल्या मायकेल ब्यूनोकोर यांनी एक युक्ती सुचवली. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत; तेच त्यांनी दाताच्या एनॅमलला अर्धा मिनिट लावलं. एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. आम्लाने त्यावर असंख्य बारीक खाचा पडतात. पातळ रेझीन त्यांत शिरून घट्ट झालं, की मुळांसारखं रुतून बसतं.

एनॅमलखालचं डेंटिन इतकं सरळ नाही. त्यात खनिज ७० टक्क्यांच्या आसपास. उरलेलं मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन आणि पाणी. शिवाय एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या, त्याही द्रवाने भरलेल्या. आम्लाने खनिज गेलं की कोलॅजेनच्या तंतूंची जाळी उरते. ती फार वाळवली तर ओल्या जाळ्यासारखी आपसांत चिकटून बसते आणि रेझीनला आत वाट मिळत नाही. फार ओली ठेवली तर पाणीच जागा अडवतं. बेताच्या ओलीवर रेझीन आत झिरपलं, तर दात आणि रेझीन यांचा एक मिश्र थर तयार होतो. जपानच्या नाकाबायाशी यांनी १९८२ साली तो दाखवून दिला. निरोगी डेंटिनवर ही पकड चांगली बसते.

कीड लागलेल्या डेंटिनमध्ये खनिज आधीच कमी झालेलं असतं आणि पाणी वाढलेलं. आम्ल खोलवर जातं, पण त्याच्या मागोमाग रेझीन तळापर्यंत पोचत नाही. खाली उघडी राहिलेली जाळी पाण्याने आणि दातातल्याच विकरांनी हळूहळू सडते. त्यातच काही नळ्यांची तोंडं आम्लाला दाद न देणाऱ्या स्फटिकांनी बुजलेली असतात. प्रयोगशाळेत ओढून पाहिलं तर पकड पाव ते निम्म्याने कमी भरते, आणि बऱ्याचदा तुटतं ते दाताचंच मऊ द्रव्य. आपला जांभ्याचा टवकाच तो!

वर्गात करून पाहा. एक चिकटपट्टी स्वच्छ फरशीवर लावा, दुसरी खडूची धूळ बसलेल्या फळ्यावर. दुसरी काढल्यावर तिच्या पाठीवर काय येतं?

मग सगळी कीड खरवडून का टाकू नये? कारण खोल खड्ड्यात खाली दाताचा जिवंत गर असतो. तो उघडा पडला तर साधं भरण भागत नाही. पुढचा खर्च आणि खेपा खेड्यातल्या माणसाला जड जातात, आणि मग दातच काढला जातो. म्हणून खोल किडीत आता खड्ड्याची कड निरोगी, टणक दातापर्यंत साफ करतात आणि गराजवळचा थोडा मऊ भाग मुद्दाम ठेवतात. पकड कडेने धरायची. कड पक्की बंद झाली की आत अडकलेल्या जिवाणूंना अन्न मिळत नाही आणि कीड थांबते. तळाचं डेंटिन काही प्रमाणात पुन्हा कठीणही होतं.

तेव्हा "डॉक्टर, सगळी कीड काढलीत ना?" या प्रश्नाला "कडेची सगळी, तळाची नाही" असं उत्तर मिळालं, तर तो हलगर्जीपणा समजू नये.